कारखान्याचे गुपित आणि गावाचा हक्क

(माहीम, ता. पालघर येथे पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पालघर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात दोन प्रकारचे जीवन शेजारी शेजारी नांदत आहे. केळवे-माहीमच्या पानवेलीच्या व नारळीच्या वाड्या आणि सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी ही मच्छीमारांची गावे हे एक जीवन होय. त्याच किनाऱ्याने उत्तरेस गेले की बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत लागते आणि तिच्याही पलीकडे समुद्रकाठी तारापूरचे अणुविद्युत केंद्र उभे आहे. औषधांची मूलद्रव्ये, रंग, रसायने, कापड, पोलाद असे नाना प्रकारचे उत्पादन या वसाहतीत होते. हजारो कुटुंबांची चूल त्यावर पेटते, हे कोणीही नाकारणार नाही.

या शेजारामुळे एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. कारखान्यात काय तयार होते, कोणती रसायने साठविली जातात, नळातून बाहेर काय सोडले जाते, असे गावकऱ्याने विचारले की पुष्कळदा एकच उत्तर मिळते, "ही माहिती व्यावसायिक दृष्ट्या गोपनीय आहे." हे उत्तर काही वेळा अगदी योग्य असते, तर काही वेळा त्यास कायद्याचा काडीचाही आधार नसतो. यांतील फरक कसा ओळखावा, तंत्रज्ञानावर चालणाऱ्या उद्योगात गोपनीय माहिती कशास म्हणावे आणि कशास म्हणू नये, याचा विचार या व्याख्यानात करावयाचा आहे.

गुपित ठरण्याच्या तीन कसोट्या

व्यावसायिक गुपितासंबंधी स्वतंत्र कायदा आपल्या देशात दीर्घकाळ नव्हता. करारविषयक कायदा आणि विश्वासभंगासंबंधी न्यायालयांनी घालून दिलेली तत्त्वे यांवरच आजवर काम चालत आले. विधी आयोगाने २०२४ च्या मार्च महिन्यात आपल्या २८९ व्या अहवालात यासाठी स्वतंत्र कायदा करावा अशी शिफारस केली आणि विधेयकाचा मसुदाही सादर केला. तथापि गुपिताची व्याख्या जगभर जवळजवळ सारखीच आहे. बौद्धिक संपदेच्या व्यापारविषयक बाजूंसंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार १९९५ पासून अंमलात आला. भारत त्याचा सदस्य आहे. त्या कराराच्या ३९ व्या अनुच्छेदात तीन कसोट्या सांगितल्या आहेत.

पहिली कसोटी अशी की, ती माहिती त्या धंद्यातील लोकांना सर्वसाधारणपणे ठाऊक नसावी किंवा सहज मिळण्यासारखी नसावी. दुसरी अशी की, ती गुप्त आहे म्हणूनच तिला बाजारात मोल असावे. तिसरी अशी की, तिच्या मालकाने ती गुप्त राखण्यासाठी वाजवी खबरदारी घेतलेली असावी. या तिन्ही कसोट्यांना उतरेल तीच माहिती गुपित ठरते. कागदावर "गोपनीय" असा शिक्का मारला म्हणून कोणतीही माहिती गुपित होत नाही, आणि शिक्का नाही एवढ्यावरून ती उघडीही ठरत नाही.

तारापूरच्या एखाद्या औषधी कारखान्याचे उदाहरण घेऊ. कोणता उत्प्रेरक किती प्रमाणात घालावयाचा, रिॲक्टरमधील तापमान कोणत्या टप्प्याला किती ठेवावयाचे, शंभर किलो कच्च्या मालातून किती किलो पक्का माल निघतो, कोणते प्रयोग फसले आणि का फसले, ही सर्व माहिती गुपित ठरू शकते. यंत्रांचे आराखडे, संगणकावर चालणाऱ्या नियंत्रणाची मूळ आज्ञावली, मालाचा पडता भाव, गिऱ्हाइकांची यादी, पुरवठादारांशी ठरलेले दर, उघडण्यापूर्वीची निविदा यांचाही समावेश त्यात होतो. यामागे अनेक वर्षांचे श्रम आणि पैसा असतो. स्पर्धकाने ते फुकट उचलावे हे न्यायाचे होणार नाही.

याउलट, जे पेटंटच्या कागदपत्रांत छापले गेले ते गुपित राहत नाही. पेटंट आणि गुपित या दोन भिन्न वाटा आहेत. पेटंट घेणाऱ्याने आपला शोध जगासमोर उघड करावयाचा आणि त्याच्या बदल्यात वीस वर्षे त्यावर एकाधिकार भोगावयाचा, असा तो व्यवहार आहे. गुपित राखणाऱ्यास मुदत नसते, पण संरक्षणही अपुरे असते. दुसऱ्या कोणी स्वतःच्या प्रयोगशाळेत, स्वतःच्या बुद्धीने तीच रीत शोधून काढली, तर त्याच्याविरुद्ध तक्रार करता येत नाही. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधांच्या बाबतीत पदार्थावर पेटंट न देता केवळ निर्मितीच्या रीतीवर दिले. ही व्यवस्था २००५ पर्यंत टिकली. त्या काळात भारतीय औषध उद्योग वाढला तो तेच औषध वेगळ्या व स्वस्त रीतीने बनविण्याच्या कौशल्यावर. निर्मितीची रीत हीच या धंद्यातील खरी पुंजी का समजली जाते, हे त्यावरून ध्यानात येईल.

कल्याणचा खटला

गुपिताच्या संरक्षणासंबंधी आपल्या देशात वारंवार आधार म्हणून घेतला जाणारा एक निर्णय जुन्या ठाणे जिल्ह्यातच उद्भवलेला आहे. सेंच्युरी स्पिनिंग कंपनीच्या कल्याणजवळील कारखान्यात मोटारीच्या टायरसाठी लागणारा धागा तयार होत असे. त्याचे तंत्र हॉलंड व पश्चिम जर्मनी येथील कंपन्यांकडून १९६१ च्या कराराने मिळाले होते. हे तंत्र गुप्त ठेवावे आणि नोकरांकडूनही तशी हमी घ्यावी, अशी त्या करारात अट होती. पाच वर्षांच्या कराराने नेमलेला एक पाळी-पर्यवेक्षक प्रशिक्षण घेऊन मुदतीपूर्वीच नोकरी सोडून गेला आणि त्याच प्रकारच्या दुसऱ्या कारखान्यात अधिक पगारावर रुजू झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६७ च्या जानेवारीत न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निर्णय देताना असे धरले की, कराराच्या मुदतीपुरते असे बंधन वाजवी आहे.

मात्र या तत्त्वाला दुसरी बाजूही आहे. नोकरीत राहून माणसाच्या हाताला जे सामान्य कौशल्य येते, ते मालकाचे गुपित नव्हे. नोकरी करणाऱ्या कोणालाही विशेष प्रयत्नाविना ज्या गोष्टी सहज कळतात त्यांना व्यावसायिक गुपित म्हणता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयानेही २००३ साली एका प्रकरणात सांगितले. बोईसरच्या वसाहतीत एका कारखान्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या शेकडो तंत्रज्ञांच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. सूत्रांची वही बरोबर नेता येत नाही. कसब मात्र ज्याचे त्याचे असते.

देशाच्या पातळीवरही हा प्रश्न गाजला आहे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यान्वये परदेशी कंपन्यांना आपला भांडवली हिस्सा कमी करणे भाग पडले. १९७७ साली कोका-कोला कंपनीने पेयाचे सूत्र सोपविण्यापेक्षा भारतातून निघून जाणे पसंत केले. आपले सूत्र न देण्याचा कंपनीला अधिकार होता, आणि आपल्या अटी न सोडण्याचा शासनालाही. परंतु त्या निमित्ताने एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पेयाचे सूत्र गुप्त असले, तरी बाटलीबंद पदार्थ आरोग्यास अपायकारक नाही हे पाहण्याचा शासनाचा अधिकार त्यामुळे संपत नाही. घटक पदार्थ वेष्टनावर छापावेच लागतात. किती, कसे आणि कोणत्या क्रमाने मिसळावयाचे एवढेच गुपित उरते.

गुपित कोणापासून?

येथे आपण या विषयाच्या गाभ्याशी येतो. व्यावसायिक गुपिताचे संरक्षण कायद्याने दिले आहे ते स्पर्धकाविरुद्ध. शेजारी राहणारा शेतकरी, बाजूच्या शाळेतील मुले, आत काम करणारा कामगार किंवा आग विझवावयास येणारा जवान हे कारखान्याचे स्पर्धक नव्हेत. त्यांना हवे असते ते सूत्र नव्हे, तर धोक्याचे ज्ञान. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे काय होते, हे भोपाळने दाखवून दिले.

१९८४ च्या २ व ३ डिसेंबरच्या मध्यरात्री भोपाळ येथील कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. रुग्णालयांत लोंढे आले तेव्हा वायू कोणता आणि त्यावर उपाय कोणता, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हते. तोंडावर ओले फडके धरावे, वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जावे, एवढी साधी गोष्टही वस्त्यांना कोणी सांगितलेली नव्हती. या ज्ञानाने कोणाही स्पर्धकाला दमडीचा लाभ झाला नसता, पण ते नव्हते म्हणून माणसे मात्र मेली.

त्यानंतर कायदे बदलले. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. १९८७ साली कारखाने अधिनियमात नवे प्रकरण घालण्यात आले. त्यातील ४१ ब या कलमाने धोकादायक प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याच्या भोगवटादारावर एक स्पष्ट कर्तव्य घातले. धोके कोणते, आरोग्यावर होणारे परिणाम कोणते आणि त्यांवर उपाय कोणते, ही माहिती त्याने कामगारांना, मुख्य निरीक्षकांना, स्थानिक प्राधिकरणाला आणि आसपासच्या सर्वसामान्य जनतेला दिली पाहिजे. कारखाने अधिनियमाची जागा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने घेतली आहे. ही संहिता २०२० साली संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. माहिती उघड करण्याचे हे कर्तव्य तिच्यातही कायम ठेवलेले आहे.

धोकादायक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात यासंबंधीचे १९८९ चे नियम याहून तपशिलात जातात. मोठ्या अपघाताची भीती कोणत्या प्रकारची आहे आणि अपघात झाल्यास काय करावे व काय करू नये, हे बाधित होऊ शकणाऱ्या बाहेरच्या लोकांना कळविण्याची जबाबदारी ते कारखान्यावर टाकतात. प्रत्येक धोकादायक रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक तयार ठेवावे लागते. कारखान्याने आतील आणि जिल्हा यंत्रणेने बाहेरील आपत्कालीन आराखडा करावयाचा असतो. १९९६ च्या रासायनिक अपघातविषयक नियमांन्वये जिल्हा व स्थानिक पातळीवर आपत्ती गट स्थापन करण्याची तरतूद आहे. स्थानिक गटात कारखाने निरीक्षक, अग्निशमन अधिकारी, आरोग्य अधिकारी यांच्या जोडीला सरपंच किंवा गावचा प्रमुख यांचाही समावेश केलेला आहे. सरपंचाला हे आसन शोभेसाठी दिलेले नाही. गावाच्या वतीने प्रश्न विचारण्यासाठी ते दिलेले आहे.

तारापूरचा अनुभव

या तरतुदी कागदावर राहिल्या तर त्याची किंमत कोणी मोजावयाची, हे या भागाला सांगण्याची आवश्यकता नाही. २०१८ च्या ८ मार्च रोजी रात्री तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन आग लागली व प्राणहानी झाली. ११ जानेवारी २०२० रोजी सायंकाळी कोळवडे परिसरातील एका कारखान्यात असाच स्फोट झाला आणि अनेकांचे प्राण गेले. हादरे आसपासच्या गावांना बसले. अशा वेळी घरातून बाहेर पडावे की दारे-खिडक्या लावून आत बसावे, कोणत्या दिशेने जावे, हे ठरविण्यास माणसाला दोनचार मिनिटेच मिळतात. त्या मिनिटांत ग्रंथालय उघडून बसता येत नाही. माहिती आधीच असावी लागते.

आता पुन्हा त्या औषधी कारखान्याकडे वळू. समजा, त्यात टोल्यूइन व नायट्रिक आम्ल वापरून मध्यवर्ती रसायन तयार होते. कोणत्या तापमानाला, कोणत्या उत्प्रेरकाने आणि किती उताऱ्याने, हे त्याने सांगू नये. परंतु आवारात टोल्यूइन व नायट्रिक आम्ल आहे, ते कोठे आहे, जास्तीत जास्त किती साठविले जाते, आग लागल्यास पाणी मारावे की फेस, वाफ श्वासात गेल्यास काय होते आणि प्रथमोपचार कोणता, हे त्याने सांगितलेच पाहिजे. एखाद्या कारखान्यात धातुरूप सोडियम असेल आणि बंबाच्या जवानांना ते ठाऊक नसेल, तर त्यांनी मारलेले पाणीच स्फोटाला कारण होईल. तेथे गुप्तता राखणे म्हणजे मदतीस येणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधण्यासारखे आहे.

येथे उद्योजकांची एक शंका विचारात घेतली पाहिजे. रसायनाचे नाव आणि साठ्याचा आकडा सांगितला, तर जाणकार स्पर्धक त्यावरून आमच्या उत्पादनाचा अंदाज बांधतो, असे ते म्हणतात. ही शंका निराधार नाही. पण तिच्यावर तोडगा आहे. रोजचा खप सांगण्याचे कारण नसते. साठवणीची कमाल मर्यादा सांगितली तरी सुरक्षिततेचे काम भागते. अमेरिकेने भोपाळनंतर, १९८६ साली, जनतेच्या माहितीच्या हक्काचा जो कायदा केला त्यात हीच युक्ती आहे. तेथे कारखान्याला गुपिताचे कारण सिद्ध करून रसायनाचे नेमके नाव झाकता येते. मात्र ते कोणत्या वर्गातील आहे आणि त्याचा आरोग्यावर काय परिणाम होतो, हे झाकता येत नाही. तातडीच्या वेळी डॉक्टरने मागितल्यास नेमके नावही द्यावेच लागते.

नळातून बाहेर पडले ते गुपित राहत नाही

धोक्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न सांडपाण्याचा आहे. वसाहतीचे प्रक्रिया केलेले सांडपाणी नळाने नवापूरच्या बाजूस समुद्रात सोडण्याची व्यवस्था आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूरला ९३.६९ गुण मिळाले आणि ते देशातील औद्योगिक क्षेत्रांत पहिल्या क्रमांकावर गेले. हा पहिला क्रमांक भूषणाचा नव्हे. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने हा प्रश्न २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे नेला. २०२२ च्या जानेवारीत न्यायाधिकरणाने कारखान्यांवर व सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर पर्यावरण भरपाईची जबाबदारी टाकली. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंतही पोहोचला.

या प्रकरणात ज्या आकड्यांवर युक्तिवाद झाले ते आकडे कोणते? संमतीपत्रात किती सांडपाण्याची परवानगी आहे, प्रत्यक्षात किती सोडले जाते आणि त्याची तपासणी केल्यावर काय आढळते, असे ते आकडे आहेत. यांपैकी एकही गुपित नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या २५ व्या कलमानुसार राज्य मंडळाने संमतीच्या अटींची नोंदवही ठेवावयाची असते. सांडपाण्याच्या निर्गमाशी संबंधित नोंदी त्यामुळे बाधित होणाऱ्या किंवा त्यात हितसंबंध असणाऱ्या कोणाही व्यक्तीला वाजवी वेळी पाहता येतात. हा हक्क माहितीच्या अधिकाराहून तीस वर्षांनी जुना आहे, पण तो फारच थोड्यांना ठाऊक आहे. १९८१ च्या वायुप्रदूषण कायद्यातही अशा नोंदवहीची तरतूद आहे. युरोपीय संघाने २००३ साली काढलेल्या निदेशात तर पर्यावरणात सोडल्या जाणाऱ्या द्रव्यांविषयीची माहिती व्यापारी गुप्ततेच्या कारणावरून नाकारता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. यामागील विचार सरळ आहे. जोपर्यंत द्रव्य कारखान्याच्या भिंतीआड आहे तोपर्यंत ते मालकाचे. ते खाडीत उतरले की ते सर्वांचे झाले.

अणुकेंद्राची गुप्तता वेगळी

तारापूरचे नाव घेतले की अणुकेंद्राचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बांधून दिल्या आणि १९६९ च्या ऑक्टोबरपासून त्या व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. तिसरी व चौथी अणुभट्टी प्रत्येकी ५४० मेगावॅट क्षमतेची असून ती भारतीय तंत्रज्ञांनी आखलेली आहे. त्यांचा व्यापारी आरंभ २००५ व २००६ साली झाला. अणुशक्तीविषयीची माहिती उघड करण्यावर निर्बंध घालण्याचा अधिकार १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने केंद्र शासनास दिला.

परंतु ही गुप्तता आणि कारखान्याची गुप्तता एक नव्हे. एकीचा पाया देशाची सुरक्षितता हा आहे, तर दुसरीचा पाया बाजारातील स्पर्धा हा आहे. वसाहतीतील खाजगी कारखान्याला अणुकेंद्राच्या सावलीत उभे राहून "येथे सर्वच गोपनीय असते" असे म्हणता येत नाही. आणि ज्या अणुकेंद्राला एवढे विशेष संरक्षण आहे, तेथेही आसपासच्या गावांसाठी बाह्य आपत्कालीन आराखडा केला जातो व त्याच्या रंगीत तालमी जिल्हा प्रशासनाच्या साहाय्याने होतात. देशाचे मोठे गुपित सांभाळणाऱ्या संस्थेला जर गावाला आपत्तीत काय करावे हे सांगता येते, तर औषधे किंवा रंग बनविणाऱ्यालाही ते सांगता आले पाहिजे.

माहितीचा अधिकार काय म्हणतो

शासकीय कार्यालयात पोहोचलेल्या माहितीचे काय करावे, हे २००५ च्या माहितीचा अधिकार अधिनियमाने ठरवून दिले आहे. खाजगी कारखान्याची जी माहिती एखाद्या शासकीय प्राधिकरणाला दुसऱ्या कायद्यान्वये मिळविता येते, ती या अधिनियमाच्या कक्षेत येते. म्हणजे कारखाना थेट उत्तर देण्यास बांधील नसला, तरी प्रदूषण नियंत्रण मंडळ, औद्योगिक विकास महामंडळ किंवा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय यांच्याकडे अर्ज करता येतो.

कलम ८(१)(ड) अन्वये व्यापारी विश्वासाची माहिती, व्यावसायिक गुपिते व बौद्धिक संपदा यांना सूट आहे. मात्र ही सूट दोन अटींनी बांधलेली आहे. माहिती उघड केल्याने तिसऱ्या पक्षाच्या स्पर्धात्मक स्थानाला हानी पोहोचली पाहिजे. आणि तशी हानी पोहोचत असली तरीही, व्यापक जनहितासाठी ती देणे आवश्यक असल्याची सक्षम प्राधिकाऱ्याची खात्री झाल्यास ती देता येते. तिसऱ्या पक्षाने गोपनीय मानलेली माहिती देण्याचा विचार असेल, तर कलम ११ प्रमाणे माहिती अधिकाऱ्याने अर्ज मिळाल्यापासून पाच दिवसांत त्या पक्षाला नोटीस द्यावयाची, त्याने दहा दिवसांत म्हणणे मांडावयाचे आणि चाळीस दिवसांच्या आत निर्णय व्हावयाचा. कारखान्याचे म्हणणे ऐकले पाहिजे हे खरे, पण कारखान्याची नाखुशी म्हणजे नकाराधिकार नव्हे. निर्णय माहिती अधिकाऱ्यानेच करावयाचा आहे. शिवाय कलम १० अन्वये एकाच कागदातील गोपनीय भाग झाकून उरलेला भाग देता येतो. दोन ओळींसाठी चाळीस पानांची फाईल अडवून ठेवण्याचे कारण नाही. प्रश्न एखाद्याच्या जीविताचा असेल तर अठ्ठेचाळीस तासांत माहिती देण्याचे बंधन आहे.

या तत्त्वाची परीक्षा जालन्याच्या महिको कंपनीच्या जनुकबदल केलेल्या वांग्याच्या प्रकरणात झाली. विषारीपणा व ॲलर्जी यांच्या चाचण्यांची माहिती २००६ साली अर्जाद्वारे मागण्यात आली. व्यापारी गुप्ततेच्या कारणास्तव तिला हरकत घेतली गेली. केंद्रीय माहिती आयोगाने २००७ साली ती देण्यास सांगितले, आणि २००८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निदेशानंतर ती सर्वांना पाहण्यासाठी खुली झाली. बियाणे कसे तयार केले, हे तंत्र कंपनीचे. ते वांगे खाल्ल्याने काय होईल, हे मात्र खाणाऱ्यानेही जाणून घ्यावयाचे आहे. वर उल्लेख केलेल्या आंतरराष्ट्रीय करारातही औषधे व कृषी रसायने यांच्या चाचण्यांच्या माहितीला संरक्षण देताना, जनतेच्या संरक्षणासाठी आवश्यक असेल तेथे ती उघड करण्यास मोकळीक ठेवलेली आहे.

जबाबदारी दोन्ही बाजूंची

हक्काबरोबर कर्तव्यही येते. निरीक्षणाच्या निमित्ताने अधिकाऱ्याला कारखान्यातील प्रक्रिया कळते. ती त्याने कर्तव्याबाहेर कोणाला सांगता कामा नये, असे बंधन कारखाने अधिनियमाने निरीक्षकावर घातले होते. त्याच अधिनियमाने तक्रार करणाऱ्या कामगाराचे नाव गुप्त ठेवण्याचेही बंधन घातले होते. गुप्तता ही केवळ मालकाच्या सोयीसाठी नसते, दुर्बलाच्या रक्षणासाठीही असते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. आपत्ती गटाच्या बैठकीत बसणाऱ्या सरपंचानेही हा विवेक पाळावा. सुरक्षिततेसाठी मिळालेला आराखडा गावाच्या कामी यावा, कोणा स्पर्धकाच्या हाती जाऊ नये. गुपिताचा मान राखणाऱ्या पंचायतीच्या प्रश्नालाच वजन येते.

माहिती अधिकाऱ्याने अर्ज हाती येताच स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. ही माहिती कळल्याने स्पर्धकाला खरोखर लाभ होईल काय? ती न कळल्याने कोणाच्या जीविताला अथवा आरोग्याला अपाय होईल काय? झाकण्याजोगा भाग वेगळा काढून उरलेला देता येईल काय? या तीन प्रश्नांची उत्तरे फाईलवर लिहिली, तर बहुतेक अर्ज अपिलापर्यंत जाणार नाहीत.

पंचायत सदस्यांनी सूत्रे मागण्याच्या भरीस पडू नये. कारखान्यात "काय बनते आणि कसे बनते" असा मोघम प्रश्न विचारला की नकाराला निमित्त मिळते. त्याऐवजी नेमके मागावे: संमतीपत्राची प्रत, सांडपाण्याच्या तपासणीचे अहवाल, धोकादायक रसायनांची नावे व कमाल साठा, सुरक्षा माहितीपत्रके, बाह्य आपत्कालीन आराखडा, आणि स्थानिक आपत्ती गटाच्या बैठका केव्हा झाल्या याची नोंद. ही मागणी गुपिताच्या कक्षेत येत नाही. मिळालेली माहिती ग्रामसभेत सोप्या मराठीत वाचून दाखवावी व पंचायतीच्या फलकावर लावावी.

शिक्षकांचे कार्य याहून मोलाचे आहे. वसाहतीलगतच्या शाळेतील मुलाला वारा कोणीकडून वाहतो हे पाहता यावे, भोंगा कशाचा हे ओळखता यावे, वायूचा वास आल्यास काय करावे हे सांगता यावे. सुरक्षा माहितीपत्रकातील धोक्याची चिन्हे रसायनशास्त्राच्या तासाला सहज शिकविता येतील. शाळेत शिकलेली गोष्ट मूल घरी सांगते, आणि त्या वाटेने ती सबंध गावाला कळते.

सूत्र तिजोरीत ठेवण्याचा कारखान्याचा हक्क कोणी हिरावून घेऊ नये. त्या हक्कावरच नवे संशोधन आणि नवे उद्योग उभे राहतात, आणि या तालुक्यातील मुलांना रोजगार मिळतो. पण तिजोरीच्या शेजारी नायट्रिक आम्लाची टाकी असेल, तर ती टाकी आहे हे गावाला ठाऊक असलेच पाहिजे. बोईसर-तारापूरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या कपाटात आपल्या हद्दीलगतच्या कारखान्यांची सुरक्षा माहितीपत्रके आणि बाह्य आपत्कालीन आराखड्याची प्रत असावी. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एवढा एक विषय घेतला गेला, तरी या व्याख्यानाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.